डब्याचे दुसरे भोक

दिवाळीच्या सुटीत भाचा माधवनगरला येतो तो फराळासाठी, असा आमच्या सौभाग्यवतींचा समज आहे. यंदा मात्र स्वारी एक पत्र्याचा डबा आणि हातभर जाड रबरी नळी घेऊन उतरली. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची ‘बाहा’ नावाची स्पर्धा २००७ साली इंदूरजवळ पीथमपूरला सुरू झाली. तिच्यात चार तास खाचखळग्यांतून गाडी पळवण्याची एक शर्यत असते.

“मामा, गाडी पळवताना कोणी हरत नाही. पेट्रोल भरताना हरतो. हा डबा उंच टांगायचा, नळी सोडायची, की टाकी चुटकीसरशी भरली!”

अंगणात प्रयोग सुरू झाला. पेट्रोलऐवजी पाणी, एवढी अट मी घातली. स्टुलावरचा डबा भडभड करीत, अडखळत रिकामा होऊ लागला. “उंची कमी पडते,” म्हणत स्वारी माडीकडे निघाली. आता उंचीने वेग वाढतो खरा, पण कंजूषपणाने. पाण्याची उंची एक मीटर असेल तर वेग सेकंदाला फार तर साडेचार मीटर; तो दुप्पट करायचा तर उंची चौपट करावी लागते.

इतक्यात चकल्यांसाठी तेलाचा नवा डबा फोडणाऱ्या सौभाग्यवती दारातून म्हणाल्या, “अरे, दुसरे भोक पाडलेस का? हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येते का कधी?”

इंजिनिअर आणि मराठीचा प्राध्यापक, दोघेही गप्प झाले. डब्याच्या माथ्याला भोक पडले आणि पाण्याची धार एकसंध वाहू लागली.

पण वाचकहो, पाणी म्हणजे पेट्रोल नव्हे. टाकीत पेट्रोल शिरते तेव्हा आतली हवा पेट्रोलची वाफ घेऊन बाहेर पडते. ही वाफ हवेहून जड. ती वर न जाता जमिनीलगत सरपटते आणि ठिणगी शोधते. म्हणून पक्क्या यंत्रांत एक नळी पेट्रोल नेते आणि दुसरी वाफ परत आणते. शिवाय वाहत्या पेट्रोलमुळे विजेचा भार साठतो. तेव्हा धातूचा डबा घ्यावा आणि झाकण उघडण्यापूर्वीच तो तारेने गाडीच्या सांगाड्याला जोडावा.

पक्की यंत्रेही घाईपुढे हरतात. ३१ जुलै १९९४ रोजी जर्मनीत हॉकेनहाइमला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत सेकंदाला सुमारे १२ लिटर भरणाऱ्या यंत्रातून इंधन उडाले आणि योस व्हर्स्टापेनची गाडी ज्वाळांत सापडली. सुदैवाने सगळे वाचले. त्या यंत्रातली गाळणी काढलेली होती, असे पुढे निघाले. गाळणी काढली की इंधन जरा जलद वाहते, एवढाच तो लाभ! २०१० पासून फॉर्म्युला वनने शर्यतीत इंधन भरणेच बंद केले.

मी भाच्याला म्हणालो, “घरचे यंत्र चालते की नाही, ते आधी नियमांच्या पुस्तकात पाहा. आणि सेकंद वाचवायचे तर नळीत नको, तालमीत वाचव. गाडी कुठे थांबणार, इंजिन कोण बंद करणार, चालक कसा उतरणार, झाकण कोण उघडणार, हे डोळे मिटून जमले पाहिजे. आणि आग विझवण्याचे नळकांडे घेऊन कोण उभे राहणार?”

तो घुटमळला. “ते अजून ठरलं नाही, मामा. प्रत्येकाला गाडी चालवायची असते, नाहीतर नळी धरायची असते. नळकांडं धरणाऱ्याचा फोटोसुद्धा येत नाही.”

आतून चकलीचा खमंग वास येत होता. त्याने वही काढली, कामांची यादी लिहिली आणि मला दाखवली. नळकांड्यापुढे त्याने स्वतःचे नाव घातले होते.

“आईला हे सांगू नकोस हं,” तो म्हणाला.

मी त्याच संध्याकाळी बहिणीला सांगितले. तिला बरे वाटले.