स्टिकर नको, सावली द्या!

फहाहील, मंगफ, अबू हलिफामधल्या समस्त मराठी आई-बाबांनो,

तो मेसेज पुन्हा फिरतोय. "वायफाय आणि मोबाइलच्या लहरींमुळे मुलांच्या पेशींत स्ट्रेस प्रोटीन वाढतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय!" आणि खाली लगेच मोबाइलला चिकटवायच्या चिपची जाहिरात. पोस्ट लांब आहे, पण चिपवर दिनार घालवण्याआधी वाचाच.

आधी हे स्ट्रेस प्रोटीन म्हणजे काय ते बघू. १९६२ साली इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या पेशी तपासत होते. कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि पेशींतली काही ठराविक जनुकं एकदम कामाला लागलेली दिसली. ती जनुकं जी प्रोटीन बनवतात, तीच ही हीट शॉक किंवा स्ट्रेस प्रोटीन. उष्णतेनं पेशीतल्या इतर प्रोटीनच्या घड्या विस्कटतात, आणि ही मंडळी त्या घड्या परत नीट बसवतात. म्हणजे ही दुरुस्ती करणारी माणसं आहेत. गवंडी दारात दिसला म्हणून घर कोसळलं असं आपण म्हणतो का?

आता "सिद्ध केलंय"कडे येऊ. २००० साली 'नेचर'मध्ये नॉटिंगहॅमच्या डेव्हिड डी पोमेराय यांच्या गटाचा निबंध आला. सूक्ष्मलहरींत ठेवलेल्या इवल्याशा कृमींमध्ये हीट शॉकची प्रतिक्रिया दिसली, आणि ती उष्णतेमुळे नाही असा दावा होता. जगभर खळबळ झाली. पुढे त्याच गटानं जास्त काटेकोर मोजमाप केलं. लहरींमुळे कृमी साधारण ०.२ अंशांनी तापत होते, आणि तेवढं पुरेसं होतं! २००६ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. मेसेज पाठवणारे ही दुसरी अर्धी गोष्ट कधीच सांगत नाहीत.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रीबा गुडमन आणि मार्टिन ब्लँक यांनी विजेच्या तारांसारख्या कमी वारंवारतेच्या क्षेत्रांवर बरीच वर्षं काम केलं आणि स्ट्रेस प्रोटीन वाढल्याचं मांडलं. तेही लपवायचं कारण नाही. पण इतर प्रयोगशाळांनी तेच प्रयोग करून पाहिले तेव्हा काहींना तो परिणाम मिळाला नाही. आणि जो निकाल दुसऱ्याच्या हातून पुन्हा येत नाही, त्याच्या जोरावर मुलांना घाबरवायचं नसतं.

कुणी म्हणेल, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये या लहरी "कदाचित कर्करोगकारक" गटात टाकल्याच ना? टाकल्या. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. आणि २०२४ मध्ये याच संघटनेनं करून घेतलेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. गावाकडच्या टॉवरची काळजी असेल तर हेही ऐका: भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे.

मग चिप कशाला? २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप आणली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. २०२१ मध्ये तर नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेला "५जी-रोधक" म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तू स्वतःच किरणोत्सर्गी असल्याचं आढळलं. त्यात लहान मुलांचं ब्रेसलेटही होतं! रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

आणि आता मुद्द्याचं. आपण राहतो कुठे? २१ जुलै २०१६ ला याच कुवेतमध्ये, मित्रिबाहला, ५३.९ अंश नोंदले गेले. उन्हाळ्यात दुपारी ११ ते ४ मजुरांनाही उघड्यावर काम करायला सरकार बंदी घालतं. आणि आपण? संध्याकाळी चार वाजता पोराला टर्फवर फुटबॉलला सोडतो. "दोनच मिनिटं" म्हणून बाळाला बंद गाडीत ठेवून बकाल्यात शिरतो. उन्हात व्यायाम केल्यावर रक्तातलं स्ट्रेस प्रोटीन वाढतं, हे माणसांवर मोजलेलं आहे. कृमींच्या ०.२ अंशांनी ज्यांची झोप उडते, त्यांना दारातले पन्नास अंश दिसू नयेत?

परक्या देशात आहोत, हाताशी आजी-आजोबा नाहीत, तेव्हा काळजी वाटणारच. पण त्या काळजीचा धंदा कुणाला करू देऊ नका.

म्हणून एवढं करा. खेळ सूर्य मावळल्यावर. डब्याबरोबर पाण्याची मोठी बाटली, आणि ती संपली का हे संध्याकाळी विचारा. मूल गाडीत एक मिनिटही एकटं नको. मोबाइल रात्री मुलांच्या खोलीबाहेर, कारण तो झोप खातो. लहरींची धाकधूक वाटतच असेल तर स्पीकरवर बोला. अंतर वाढलं की त्या झपाट्यानं क्षीण होतात, आणि अंतर फुकट मिळतं.

आणि पुढच्या वेळी तो मेसेज आला की पाठवणाऱ्याला एकच विचारा: "२००६ मध्ये त्या निबंधाचं काय झालं हो?" उत्तर येईपर्यंत फॉरवर्ड करू नका.