कपाटातली जुनी पुस्तकं आणि नवी कलमं

1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतली निम्मी कपाटं एका दिवसात जुनी झाल्यासारखी वाटू लागली. खुनाच्या शिक्षेचं कलम 302 आता 103 झालं आहे. नव्या संहितेतलं 302 धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांबद्दल आहे. ऐन परीक्षेत जुन्या गाइडवर विसंबलेल्या विद्यार्थ्याची काय गत होत असेल!

म्हणून या अंकाचा विषय आहे अभ्यासाची साधनं. जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका, असं आमचं ठाम मत आहे. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना 1860 ची भारतीय दंड संहिताच लागू राहते, त्यामुळे आज शिकणाऱ्यांना पुढे वकिली करताना दोन्ही कायदे लागणार आहेत. गरज आहे ती जुन्या-नव्या कलमांच्या तुलनात्मक तक्त्याची आणि ताज्या ‘बेअर अ‍ॅक्ट’ची, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुराच्या पुस्तकाची. ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्रीय कायद्यांचा मूळ मजकूर फुकट मिळतो. ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल विनामूल्य वाचता येतात, काहींचे मराठी अनुवादही. तालुक्याच्या गावाहून शिकणाऱ्यांना याचं मोल अधिक, तरी अनेकांना ते माहीतच नसतं याची आम्हाला खंत वाटते.

नोट्सना आमचा विरोध नाही. मूळ कलम आणि निकाल वाचून झाल्यावर त्या जरूर वापराव्यात. ही साधनं कशी हाताळायची, हे पुढच्या लेखांत सविस्तर आलं आहे. तुमच्या ग्रंथालयात काय आहे, काय हवं आहे, ते आम्हाला कळवा. ग्रंथपालांच्या पत्रांची आम्ही विशेष वाट पाहू.