पेशींचे वेळापत्रक आणि औषधाचा खर्च

स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रास्टुझुमॅब हे औषध रसायने मिसळून बनत नाही. टाक्यांत वाढवलेल्या जिवंत पेशी ते बनवतात. हे औषध म्हणजे एक प्रतिपिंड, अर्थात अँटिबॉडी. पेशी किती प्रतिपिंड स्रवतात, यावर त्याचा उत्पादनखर्च बराचसा ठरतो.

या तंत्राचा पाया १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये घातला गेला. जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून अखंड वाढणारी हायब्रिडोमा पेशी घडवली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या तंत्राचे पेटंट घेतले गेले नव्हते; त्यामुळे ते जगभर पसरले.

मात्र पेशी सर्वकाळ सारख्याच वेगाने काम करत नाही. आधी ती वाढते, मग डीएनएची प्रत काढते, विभाजनाची तयारी करते आणि शेवटी दुभंगते. अनेक हायब्रिडोमांत पहिल्या टप्प्याच्या अखेरीस आणि डीएनएची प्रत निघताना प्रतिपिंडनिर्मिती जोरात आढळली. सगळ्या पेशींचा कल मात्र एकच नसतो. प्रत्यक्ष विभाजनाच्या वेळी प्रथिनांची बांधाबांध करणारे गॉल्जी पिंड विखुरते आणि बाहेर जाणारा माल अडतो. घर बदलताना स्वयंपाकघर बंद असते, तसेच हे.

कारखाने याच ज्ञानाचा उपयोग करतात. आधी ३७ अंश सेल्सिअसला पेशींची संख्या वाढवायची, मग तापमान ३० ते ३३ अंशांपर्यंत उतरवायचे. विभाजन मंदावते, बऱ्याच पेशी पहिल्या टप्प्यात थांबतात, अधिक काळ जगतात आणि अनेकदा प्रत्येक पेशीमागे जास्त प्रतिपिंड मिळते. तापमान फार लवकर उतरवले, तर पेशीच कमी पडतात.

औषध महाग असण्याला पेटंट आणि नफाही जबाबदार आहेत, हे खरे. पण पेटंट संपल्यावर स्वस्त पर्याय देण्याची क्षमता अशाच बारकाव्यांवर उभी राहते. रेबीजविरोधी प्रतिपिंड पुण्यात तयार होते, याचा अभिमान जरूर बाळगावा. त्याचबरोबर विद्यापीठांतल्या पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांना नियमित निधी मिळायला हवा. ‘याचा उपयोग काय?’ असे विचारून मूलभूत संशोधनाला कात्री लावली, तर उद्याचे स्वस्त औषधही त्याच कात्रीत सापडेल.