दारात जीप येण्याआधी



कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींची यात्रा भरते. गर्दीत मूल चुकले तर आपण पोलिसांकडेच धावतो. पण तीच पोलीस जीप रात्री एखादीच्या दारात थांबली की आळीभर एकच प्रश्न फिरतो : हिने काय केले?

१० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही टेली-मानस सेवा सुरू आहे. फुकट, रात्रंदिवस. जीव नकोसा झालेली बाई अशा एखाद्या हेल्पलाइनला फोन करते. ऐकणाऱ्याला धोका वाटतो, पोलिसांना पत्ता कळवला जातो. दार उघडतो नवरा किंवा सासरा. "इथून फोन कोणी केला?" झाले! ज्यांच्यापासून चोरून ती बोलली, त्यांनाच सगळे कळले. जीप निघून जाते. उरलेली रात्र तिला त्याच घरात काढायची असते.

कायदा याहून शहाणा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच धरावे, तिला शिक्षा नको. कलम १०० नुसार पोलिसांनी मनोरुग्ण व्यक्तीला संरक्षणात घेतले, तर चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचे. कोठडीत ठेवायचे नाही. दंडसंहितेतले ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून गेले. (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न नव्या संहितेतही गुन्हा आहे.) ठाण्याची धास्ती मात्र गेलेली नाही.

पोलीस नकोतच, असे आम्ही म्हणत नाही. विष घेतलेल्या बाईला मध्यरात्री कपिलधारहून बीडला न्यायचे, तर जे वाहन आधी येईल ते आपले. प्रश्न आहे तो जीपमधून कोण उतरते आणि आधी कोणाशी बोलते याचा. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. समाजकार्य शिकलेल्या बाया ठाण्यातच बसू लागल्या. दरारा पोलिसांचा, कान मात्र वेगळे. पुढे असे कक्ष राज्यात इतरत्रही निघाले. मग रात्रीच्या या फोनलाच एकटा शिपाई का?

पोलिसांना कळवण्याआधी तिला तसे सांगावे. घरात कोण आहे, कोणाची भीती वाटते, हे फोनवरच विचारावे. सोबत बाई कार्यकर्ती असावी, तिच्याशी एकटीशी बोलावे, घरच्यांचे म्हणणे मागाहून घ्यावे. आणि कुठे जायचे, हे तिलाच विचारावे.

तुमच्यापैकी कोणी असा फोन केला असेल तर नाव न घालता आम्हाला कळवा. दारात कोण आले होते, आणि पहिला प्रश्न कोणाला विचारला?