दोन बादल्या

सिंधुदुर्ग जिल्ह्यातले वेंगुर्ला हे जेमतेम १२ हजार वस्तीचे शहर. जिथे गावभरचा कचरा टाकला जायचा, तिथे आज लोक बाग पाहायला जातात. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपालिकेने घरोघरी वेगळा केलेला कचरा गोळा करण्याची शिस्त लावली. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत झाले, प्लास्टिकचे बारीक तुकडे डांबरात मिसळून रस्त्यासाठी वापरले गेले.

पण याची सुरुवात स्वयंपाकघरातून होते. बिर्याणीची हाडे, प्लास्टिकच्या वाट्या आणि फुटलेला ग्लास एकाच पिशवीत बांधून दिले, तर ती गाठ कुणाला तरी हाताने सोडावी लागते. काच त्याच्या बोटात घुसते. तोही कुणाचा तरी अब्बाच असतो.

पर्यावरणाच्या धड्यावर वर्गात गुण मिळतात, सवय मात्र घरीच लागते. घरात पुढची दावत असेल तेव्हा मोरीजवळ दोन बादल्या ठेवा आणि ते काम मुलांवर सोपवा. घंटागाडीत सगळे पुन्हा एकत्र होत असेल, तर नगरसेवकाला जाब विचारा. आपण आपले काम केले असेल, तरच विचारायला तोंड राहील.