दाखवणारे औषध

कर्करोगावरील रसायनोपचार ही बरीचशी आंधळी लढाई आहे. शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. त्यापैकी अर्बुदापर्यंत किती पोहोचले, हे डॉक्टरांनाही बहुधा काही आठवड्यांनी, गाठ आकसली की नाही ते पाहूनच उमगते. तोवर केस गळतात, तोंड येते, अन्नावरची वासना उडते. एवढे सोसूनही औषध गाठीत पुरेसे शिरलेच नव्हते असे निघाले, तर तो छळ कशासाठी?

बहुगुणी नॅनोकणांची थोरवी सांगताना हा प्रश्न मागे पडतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपला केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. इतक्या सूक्ष्म कणावर औषध, कर्कपेशी ओळखणारा रेणू आणि प्रतिमेत उमटणारे द्रव्य एकत्र बसवता येते. प्रयोगशाळांत असे कण विपुल तयार झाले. रुग्णांपर्यंत मात्र फार थोडे आले. याचे एक कारण २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी दाखवून दिले. मागील दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोग त्यांनी एकत्र तपासले, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्या भागाचा मध्यक अवघा ०.७ टक्के निघाला. उरलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवून धरतात.

म्हणून माझ्या मते कणावर आणखी गुण लादण्यात शहाणपण नाही. प्रतिमेसाठीचे द्रव्य काम होताच शरीराबाहेर पडावे लागते, तर औषध गाठीत रेंगाळावे लागते. एकाच कणाकडून दोन्ही अपेक्षा करणे म्हणजे पाहुण्याने लवकर निघावे आणि मुक्कामही करावा, असे म्हणण्यासारखे आहे!

फ्रान्समध्ये विकसित झालेला गॅडोलिनियमयुक्त कण या पेचातून साधेपणाने वाट काढतो. तो जेमतेम ५ नॅनोमीटरचा असल्यामुळे मूत्रपिंडातून बाहेर पडतो. त्यावर निराळे औषध नसतेच. गॅडोलिनियममुळे एम.आर.आय. प्रतिमेत गाठ उजळते आणि तेच गॅडोलिनियम किरणोपचाराच्या वेळी गाठीवरील आघात तीव्र करते. ग्रनोबल येथे मेंदूत कर्करोग पसरलेल्या १५ रुग्णांवर त्याची पहिली चाचणी झाली. तिचा मुख्य हेतू सुरक्षित मात्रा ठरवण्याचा होता, त्यामुळे तिच्यावरून रोग बरा होण्याचे भाकीत करता येणार नाही. परंतु कण गाठीत साचल्याचे प्रतिमेत दिसले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

तसे पाहिले तर ही कल्पना नवी नव्हे. अवटू ग्रंथीच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन १९४० च्या दशकापासून दिले जाते. ते कोठे साचले आहे ते आधी पाहायचे आणि मग त्याच आयोडीनच्या मोठ्या मात्रेने उपचार करायचा, ही रीत आपल्या देशातही रुळलेली आहे.

तपासणीचा खर्च वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. पण निष्फळ उपचाराचा खर्च त्याहून थोडा का असतो? नॅनोकणांच्या बाबतीतही ही रीत रुळली, तर ज्याच्या प्रतिमेत गाठ उजळत नाही त्याला ‘हे औषध तुमच्यासाठी नाही’ असे आरंभीच सांगता येईल. मग जमीन गहाण ठेवून दूरच्या गावाहून शहरात आलेल्या त्याच्या कुटुंबाचे, रुग्णालयासमोरच्या पदपथावर काढावे लागणारे काही आठवडे तरी वाचतील.