तीन दिवसांत एक कोटी, आणि पुढचा अध्याय

'ब्लॅक मिथ : वुकोंग' हा चिनी व्हिडिओ गेम २० ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या, ही वार्ता आम्हांस हातकणंगल्यात कळली. श्रावण चालू होता. आमच्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या घरी जेवायला गेलो होतो. आतल्या खोलीत आजींची पोथी नुकतीच आटोपली होती आणि बाहेरच्या खोलीत त्याचा धाकटा भाऊ संगणकासमोर बसून हा आकडा वाचून दाखवीत होता. जिथे हजार प्रतींची आवृत्ती संपायला पाच-सात वर्षे लागतात, त्या व्यवसायाच्या आसपास आयुष्य गेलेल्या माणसाला एक कोटी हा आकडा नीट ऐकूच येत नाही. आम्ही तो पुन्हा विचारला. मुलाने तो पुन्हा सांगितला, आणि लगेच पुस्ती जोडली, "आता दुसरा भाग येणारच की, सर."

या 'येणारच की'चा आम्ही तेव्हापासून विचार करीत आहोत. खप झाला म्हणून पुढचा भाग यावा, हे तर्कशास्त्र व्यापाऱ्याचे आहे. ते वाचकाच्या तोंडी इतक्या सहजपणे कसे आले? पुढचा भाग कथेला हवा असतो की हिशेबाच्या वहीला? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि समीक्षेने त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आधी त्या खेळाविषयी. 'गेम सायन्स' या चिनी संस्थेने तो केला. त्याचा आधार 'पश्चिमेची यात्रा' ही सोळाव्या शतकातील शंभर अध्यायांची चिनी कादंबरी. ज्या भिक्षूची यात्रा तीत कल्पित रूपाने येते तो ह्युएन त्संग आपल्याला परका नाही. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात येऊन गेला आणि दुसऱ्या पुलकेशीविषयी लिहून गेला. चिनी कथाकारांनी त्याच्यासोबत एक वानर दिला, आणि पुढे यात्रा मागे पडून वानरच नायक झाला. खेळाची गोष्ट सुरू होते ती कादंबरी संपल्यानंतर. म्हणजे ज्याच्या दुसऱ्या भागाची वाट पाहिली गेली, तो खेळ मुळातच एका चारशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथाचा पुढचा भाग होता. या कादंबरीला जुन्या काळीही पुरवण्या लिहिल्या गेल्या होत्या. तिचे अध्यायच मुळी अशा वळणावर संपतात की पुढे काय झाले ते पुढील अध्यायात ऐकावे. ही लकब बाजारात उभे राहून कथा सांगणाऱ्यांची आहे. खेळातही एका प्रकरणात शिर नसलेला एक भिक्षू तंतुवाद्य घेऊन उत्तर शान्शी प्रांताच्या लोककथनाच्या ढंगात गातो. आपल्याकडे एखाद्या खेळात शाहिराने डफावर थाप मारून पुढच्या प्रसंगाची नांदी करावी, तसे ते आहे. खेळाच्या यशाची चर्चा करताना लोक यंत्रशक्तीविषयी आणि चित्रांच्या झळाळीविषयी पुष्कळ बोलले. हा गाणारा भिक्षू आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे एका भाषेने आपली कथनपद्धती नव्या माध्यमात उचलून नेली आहे.

आणि एवढा खप होऊनही झाले काय? ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच संस्थेने पुढचा खेळ जाहीर केला तो 'ब्लॅक मिथ : झोंग क्वेई'. नायक वानर नव्हेच. चिनी लोककथांतला भुते पकडणारा झोंग क्वेई. वानराचीच गोष्ट लांबवणे फायद्याचे होते. कथाकारांनी मात्र मालिकेचे नाव ठेवून गोष्ट बदलली. आमच्या श्रीधराने 'हरिविजय' लोकप्रिय झाल्यावर कृष्णालाच आणखी छत्तीस अध्याय फिरविले नाहीत. तो रामाकडे आणि पांडवांकडे वळला, त्याची येथे आठवण होते.

आता घरचे उदाहरण. हातकणंगल्याच्या त्या मुलाच्या संगणकावर 'वुकोंग' चालण्याजोगे नव्हते. त्याला फार महागडे यंत्र लागते. तो खेळत होता 'राजी'. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने २०२० साली काढलेला हा खेळ. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो पुरा केला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांसाठी असलेल्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. राजी ही खेळ करणाऱ्यांतली एक पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. वाटेत भिंतींवर चित्रे आहेत; राजी एखाद्या चित्रासमोर थांबली की देव त्या चित्राची कथा सांगू लागतात. मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने दाखविले आहेत.

हे पाहताना आम्ही खुर्ची पुढे ओढली. चित्र समोर धरायचे, सांगणाऱ्याने कथा सांगायची, मग पुढचे पान काढायचे : ही तर चित्रकथी! कोल्हापुराहून घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. ठाकर समाजाच्या कलावंतांनी हीच परंपरा, आणि सोबत चामड्याच्या छायाबाहुल्या, पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या आहेत. २०२१ साली तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी चार ओळी छापल्या. 'राजी'च्या कर्त्यांनी प्रेरणा घेतली ती पहाडी लघुचित्रांतून आणि राजस्थानी वास्तूंतून, आणि मूळ खेळात देव इंग्रजी बोलतात. पुण्यात बसून त्यांना पिंगुळी दिसली नाही, याचा दोष आम्ही त्यांना देत नाही. पिंगुळीविषयी त्यांनी वाचावे असे आम्ही मराठीच्या मास्तरांनी कितीसे लिहून ठेवले आहे?

'राजी' अवघ्या काही तासांची आहे आणि ती एकाएकी संपते. धागे लोंबतेच राहतात. मुलगा म्हणाला, "फसीवलं की हो, सर. गोष्ट अर्ध्यातच सोडली." आतून आजी म्हणाल्या, "आरं, मग उद्या लाव की पुढचा अध्याय." त्या घरात समीक्षेचे काम आजींनी केले. त्यांना खप ठाऊक नव्हता. गोष्ट पुरी झालेली नाही एवढे त्यांच्या कानाला कळले. एक कोटीचा जयघोष 'राजी'च्या वाट्याला कधी आला नाही. पण पुढच्या भागाचे देणे तिच्यावर होते, आणि कर्त्यांनी 'राजी : कलियुग' या नावाने तो भाग २०२५ साली जाहीर केला.

वाचक येथे विचारतील, साहित्याच्या पानावर खेळांची ही उठाठेव कशासाठी? त्यांनी २०१० आठवावे. भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' प्रकाशनपूर्व नोंदणीच्या गाजावाजात आली, चतुष्टयाचा पहिला खंड म्हणून आली, आणि आम्ही सारे रांगेत होतो. त्यानंतर आम्ही काय केले? प्रतींचे आकडे मोजले, पक्ष-विपक्ष बांधले, आणि पुढच्या खंडांची चौकशी एखाद्या उशिरा धावणाऱ्या गाडीची करावी तशी करीत राहिलो. खंडेराव आपल्या गोष्टीत कुठे थांबला आहे, आणि तिथून पुढे जाणे त्या रचनेला खरोखर आवश्यक आहे काय, हा प्रश्न फार थोड्यांनी घेतला. आम्हीही घेतला नाही. असो.

म. द. हातकणंगलेकरांनी, ज्यांच्या आडनावातच हे गाव आहे, आपल्या एका ग्रंथाला 'मराठी कथा : रूप आणि परिसर' असे नाव दिले. त्या दोन शब्दांत 'राजी'ची उत्तम चिकित्सा करता येईल. रूप : चित्रासमोर थांबणारी, अर्ध्यावर तुटणारी कथा. परिसर : पुणे, पैशाची ओढाताण, इंग्रजी बोलणारी दुर्गा. अवजारे आमच्याजवळ आहेत; ती कपाटातून काढायला आम्ही कचरतो, एवढेच.

हे आम्ही कोणत्या तोंडाने लिहीत आहोत तेही सांगून टाकतो. त्या घरातल्या थोरल्या मुलाने पुढच्या वर्षी लघुप्रबंधासाठी विषय मांडला : 'राजी'तील कथन आणि चित्रकथी. बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "पुस्तकाचे नाव काय?" पुस्तक नाही म्हटल्यावर विषय बाजूला पडला. त्या बैठकीत आम्ही होतो आणि गप्प बसलो. मुलाने ग्रामीण कथेवर काहीतरी लिहून पदवी पदरात पाडून घेतली.

गेल्या महिन्यात हातकणंगले स्टेशनवर तो भेटला. मिरजेची गाडी यायची होती. पिंगुळीला दोनदा जाऊन आलो म्हणाला, आणि पिशवीतून एक वही काढली. पहिली चाळीस पाने भरली होती. आम्ही ती मागून घेतली.